वर्कशॉपचा जुना पीसी खूप स्लो झालाय, एसएसडी टाकू का नवीनच घेऊ?

अंबड_जॉबवर्क

नमस्कार मंडळी. आमचं नाशिकला अंबड एमआयडीसीत जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारं मिलिंग मशीन), पप्पा आणि मी बघतो. ऑफिसातला पीसी २०१४ चा असेंबल केलेला, आय३ चौथी जनरेशन, एच८१ चा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि वर विंडोज १०. सकाळी आल्या आल्या आधी पीसीचं बटण दाबायचं मग शटर पूर्ण वर करायचं, मशीनला तेल बघायचं, पोरांना जॉब लावून द्यायचे आणि परत येऊन बघावं तर आयकॉन अजून एकेक करून उमटतायत. टॅली उघडेपर्यंत आणखी तेवढाच वेळ. डिलिव्हरी चलन काढायचं असलं की टेम्पोवाला बाहेर उभा आणि इथे माउसचा बाण जागचा हलत नाही, पप्पांची चिडचिड होते आणि बरोबरच आहे त्यांचं.

नवीन घ्यायला एक मोठी अडचण आहे. व्हीएमसीचे प्रोग्रॅम ह्याच पीसीवरून मशीनला जातात, मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट आहे तिथून केबल थेट कंट्रोलला गेलीये. ते सॉफ्टवेअर मशीन बसवायला आलेल्या माणसाने टाकून दिलं होतं, सीडी आता सापडत नाही आणि त्या माणसाचा नंबरही लागत नाही.

एका दुकानात सांगितलं एवढ्या जुन्यात पैसे घालू नका नवीन घ्या, दुसऱ्याने सांगितलं फॉरमॅट मारून देतो नव्यासारखा होईल, आणि माझा मित्र म्हणतो फक्त एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी लागणारी चिपवाली डिस्क) टाक. तिघांचं तीन. खरंच फरक पडतो का एसएसडीने एवढ्या जुन्या पीसीवर? कुठली घ्यायची, किती जीबीची? आणि ते सिरियलचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं राहील का, माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे कारण ते गेलं तर मशीन उभं राहील.

गोदाकाठ

दादा आधी काही विकत घेऊ नका आणि फॉरमॅट तर अजिबात मारू देऊ नका, ते सॉफ्टवेअर गेलं तर परत कुठून आणणार. आधी अडतंय कुठे ते बघा. सकाळी पीसी चालू झाला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. माझा अंदाज आहे की डिस्क १०० टक्के दिसेल आणि खाली रीड स्पीड मात्र सेकंदाला एक-दोन एमबीच असेल. बरेच जण हे बघून गोंधळतात की १०० टक्के वापर चालू आहे आणि वेग एवढासा कसा काय.

ते असं आहे की डेस्कटॉपची डिस्क बहुतेक करून ७२०० आरपीएमची असते, म्हणजे एक फेरी साधारण ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो डेटा हेडखाली फिरून यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या थोडं वर, आणि त्याआधी हेड त्या ट्रॅकवर पोचायला आणखी ८-९. म्हणजे एका जागेवरून एक तुकडा उचलायला १२-१३ मिलिसेकंद गेले, सेकंदाला असे फार तर ७५-८० तुकडे. विंडोज चालू होताना हजारो बारक्या फायली इकडून तिकडून वाचत असतं, ४ केबीचा एक तुकडा धरला तर ८० तुकड्यांचे झाले ३२० केबी. तुमच्या व्हीएमसीवर एकेका भोकाला टूल बदलायला लागलं तर कटिंग राहतं बाजूला आणि सगळा वेळ टूल चेंजलाच जातो, तसं चाललंय हे. हीच डिस्क एखादी मोठी फाइल सलग कॉपी करताना १०० एमबीच्या वर जाईल, डिस्कमध्ये दम नाही असं नाही, उड्या मारायला लावल्या की ती मरते.

एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, कुठलाही तुकडा उचलायला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी लागतो. फरक पडतो तो इथे. डब्यावर ५५० एमबी वगैरे लिहिलेलं असतं तो आकडा रोजच्या कामात फार महत्त्वाचा नाही. म्हणून तुमचा मित्र बरोबर सांगतोय, एवढ्या वर्षांच्या पीसीवर पण फरक पडतो आणि चांगलाच पडतो, कारण तुमचा प्रोसेसर टॅली आणि टू-डी ड्रॉइंगसाठी आजही कमी पडत नाही, तो बिचारा डिस्कची वाट बघत बसलेला असतो.

आता रॅम. टास्क मॅनेजरमध्येच मेमरी बघा, टॅली आणि क्रोम दोन्ही उघडं असताना ४ पैकी साडेतीनच्या आसपास भरलेली असेल तर विंडोज उरलेलं सामान डिस्कवर नेऊन ठेवतं आणि परत आणतं, म्हणजे रॅम कमी पडली तरी मार डिस्कलाच बसतो. एच८१ ला रॅमचे दोनच स्लॉट असतात, एक रिकामा असेल तर त्यात आणखी ४ जीबी डीडीआर३ टाका, ८ झाली की पुष्कळ. फक्त डेस्कटॉपची लांब पट्टी घ्या, लॅपटॉपची आखूड असते ती बसणार नाही.

एसएसडी २.५ इंची साटाच घ्या, म्हणजे हार्ड डिस्कसारख्याच केबलला लागणारी. तुमच्या बोर्डाला एम.२ चा (पट्टीसारख्या एसएसडीचा) स्लॉट नसणार, आणि कोणी एनव्हीएमई (त्या पट्टीतला जास्त वेगवान प्रकार) आणि कार्ड लावून देतो म्हणाला तर नको म्हणा, ह्या काळातल्या बऱ्याच बोर्डांचं बायोस (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) एनव्हीएमईवरून बूटच करत नाही. एच८१ ला साटाचे चार पोर्ट असतात, दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे, बोर्डावर बारीक अक्षरात छापलेलं असतं किंवा रंग वेगळा असतो. ६ वाल्यात लावा. ३ वाल्यात लागली तरी २५०-२८० एमबीपर्यंत जाते आणि तुकडा उचलायचा वेळ तोच राहतो, त्यामुळे त्याचं टेन्शन घेऊ नका.

आणि एक काम आजच करा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे ते चालवून डिस्कची तब्येत बघा आणि ०५, सी५, सी६, सी७ ह्या चार ओळींसमोर शेवटच्या कॉलममध्ये काय आकडे आहेत ते इथे टाका. डिस्क म्हातारी आहे, क्लोन करायच्या, म्हणजे सगळी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवायच्या आधी ती काय अवस्थेत आहे ते कळलंच पाहिजे.

कॉलेजरोड_अकाउंट्स

गोदाकाठ यांनी हार्डवेअरचं छान सांगितलंय, मी टॅलीच्या बाजूने लिहिते कारण आमच्या ऑफिसात क्लायंटचे असे पीसी सारखे येतात आणि दरवेळी डेटा राहतो पण लायसन्सचा घोळ होतो.

पहिलं म्हणजे टॅलीप्राइम असेल तर ऑल्ट वाय दाबून डेटामधून बॅकअप घ्या, आणि तो बॅकअप त्याच पीसीच्या डी ड्राइव्हवर ठेवू नका, तिथे ठेवलेला बॅकअप हा बॅकअप नसतो, पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या लॅपटॉपवर न्या. त्याशिवाय डेटाचं पूर्ण फोल्डर पण उचलून कॉपी करा, ते बहुतेक सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, मग पब्लिक, मग टॅलीप्राइम, मग डेटा असं सापडतं पण कोणी बदललं असेल तर कंपनी सिलेक्ट करताना वर पाथ दिसतो तो वाचा.

दुसरं लायसन्स. टॅलीचं लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं, डिस्क बदलली की कधी कधी ते ओळख विसरतं आणि एज्युकेशनल मोडमध्ये (शिकण्यापुरत्या मर्यादित टॅलीत) जातं. म्हणून डिस्क बदलायच्या आधी टॅलीतून लायसन्स सरेंडर करा, म्हणजे ह्या मशीनवरून सोडवून घ्या, आणि नव्या डिस्कवर परत ॲक्टिव्हेट करा. त्याला ज्या ई-मेलवर लायसन्स रजिस्टर आहे तो आयडी आणि पासवर्ड लागतो आणि ९० टक्के वेळा गाडी इथेच अडते कारण तो मेल आधीच्या अकाउंटंटचा असतो आणि तो सोडून गेलेला असतो!! दादा हे आधी तपासा, एसएसडी हातात आल्यावर नाही. डीएससीच्या (डिजिटल सहीच्या) टोकनला मात्र काही होत नाही.

तिसरं, आणि ह्याबद्दल मला फार मनापासून सांगायचंय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ते मिळतात, पण त्यापुढे घरगुती वापरासाठी काही नाही. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढे चालतं, तुमचं चौथं आहे. म्हणजे एसएसडीने पीसी कितीही पळायला लागला तरी त्यावरून बँकेचे व्यवहार, जीएसटीचं लॉगिन हे सगळं पुढे करत राहणं योग्य नाही. एसएसडी वेगाचं काम करते, सुरक्षेचं नाही करत.

अंबड_जॉबवर्क

दोघांचेही खूप आभार, एवढं समजावून कुठल्या दुकानात सांगितलं नव्हतं. आकडे देतो. डिस्क १०० टक्के, रीड १.३ एमबी, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. मेमरी टॅली आणि क्रोम उघडल्यावर ३.५. रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे, कॅबिनेट उघडून बघितलं, आत धूळ आणि कूलंटचा चिकट थर होता तो वेगळाच विषय.

क्रिस्टलमध्ये पिवळ्या रंगात कॉशन आलंय. ०५ समोर शून्य. सी५ समोर ८. सी६ समोर ८. सी७ समोर १ए असं आलंय, हे १ए काय आहे? पिवळा रंग बघून पप्पा घाबरलेत, सगळे जॉबचे ड्रॉइंग ह्यातच आहेत. सी ड्राइव्हमध्ये १४० जीबी भरलंय आणि डीमध्ये साधारण ९०.

टॅलीचा मेल आयडी पप्पांचाच निघाला, पासवर्ड रीसेट करून घेतला.

गोदाकाठ

पप्पांना सांगा घाबरू नका पण उशीरही नको. सी५ म्हणजे जे सेक्टर वाचता येईनात म्हणून डिस्कने बाजूला टिपून ठेवलेत ते. तुमच्या काळातल्या १ टीबीच्या डिस्कवर खरा सेक्टर ४ केबीचा असतो पण विंडोजला तो ५१२ बाइटचे आठ तुकडे असा दाखवला जातो, त्यामुळे ८ हा आकडा म्हणजे बहुधा प्रत्यक्षात एकच जागा खराब झालीये. एका जागेने डिस्क लगेच मरत नाही, पण हा आकडा वाढत गेला तर फार वेळ राहिलेला नसतो. सी७ हा केबलचा आकडा. क्रिस्टल हे आकडे हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजून) दाखवतं, १ए म्हणजे २६. डिस्क आणि बोर्डामधल्या साटा केबलवर २६ वेळा डेटा बिघडून परत पाठवावा लागलाय. हा आकडा कधी खाली येत नाही, वाढतोय का तेवढं बघायचं. एसएसडीबरोबर नवी साटा केबल घ्या, किरकोळ किमतीत येते, जुनी परत वापरू नका.

आता क्रम नीट पाळा. सगळ्यात आधी ड्रॉइंग, मशीनचे प्रोग्रॅम आणि टॅली हे तीन दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी करून घ्या, साधं कॉपी पेस्ट. त्याच्या आधी डिफ्रॅग (विखुरलेल्या फायली सलग लावणं) नाही, चेकडिस्कचा पूर्ण स्कॅन नाही, काही नाही, आजारी डिस्कला तासन्‌तास पळवायचं नसतं. सिरियलच्या सॉफ्टवेअरची सेटिंगची स्क्रीन उघडून मोबाइलने फोटो काढा, कॉम पोर्टचा नंबर, बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट सगळं दिसलं पाहिजे, आणि मशीनच्या कंट्रोलवर तीच सेटिंग असते तिचाही फोटो काढा. दोन्हीकडे जुळत नसलं की अर्धवट प्रोग्रॅम जातो आणि मग अलार्म.

एसएसडी ५०० जीबीच्या आसपासची घ्या, तुमचा सगळा मिळून २३० जीबी डेटा आहे, २४० ची पुरणार नाही आणि गच्च भरलेली एसएसडी मंदावते. कंपनी नावाजलेली घ्या, क्रुशियल, सॅमसंग, डब्ल्यूडी, किंग्स्टन ह्यातली कुठलीही चालेल. आयुष्याची काळजी लोक उगाच करतात. क्रुशियल बीएक्स५०० च्या ४८० जीबीला कंपनी १२० टेराबाइट लिखाणाची हमी देते, सॅमसंग ८७० ईव्हीओच्या ५०० जीबीला ३००. तुम्ही रोज २० जीबी लिहिलं, जे तुमच्याकडे होणारच नाही, तरी वर्षाला ७.३ टेराबाइट झाले, १२० संपायला सोळा वर्षं. फक्त ऑनलाइन २ टीबीची एसएसडी हजार-बाराशेला दिसली तर तिच्या नादी लागू नका, आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि आकडा खोटा दाखवतात, ठराविक मर्यादेनंतर लिहिलेलं सगळं गायब. एमजी रोडला किंवा कॅनडा कॉर्नरला जीएसटी बिलासकट घ्या, वॉरंटीला तेच बिल लागतं. भाव मात्र दोन-तीन दुकानांत विचारा कारण २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी दोन्ही महागलेत.

क्लोन करायचं कारण तुमचं ते सॉफ्टवेअर. फ्रेश विंडोज टाकलं तर पीसी जास्त स्वच्छ होतो हे खरं आणि दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं, पण तुमच्याकडे सीडी नाही म्हणून क्लोनच. एसएसडीच्या कंपनीच्या साइटवर क्लोनिंगचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, क्रुशियल आणि डब्ल्यूडी ॲक्रोनिस नावाचं देतात, सॅमसंगचं स्वतःचं आहे. मोठ्या डिस्कवरून लहान एसएसडीवर जायचंय त्यामुळे हीच बरी, क्लोनझिला हे दुसरं मोफत सॉफ्टवेअर मुळात नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी असेल असं धरून चालतं. मध्ये त्या खराब जागेवर अडलं तर इग्नोर करून पुढे जा.

क्लोन झालं की पीसी बंद, जुन्या डिस्कची केबल काढा आणि फक्त एसएसडी लावून चालू करा. हे फार महत्त्वाचं आहे, दोन्ही एकत्र लावून चालू केलं तर पीसी गुपचूप जुन्या डिस्कवरून उठतो आणि माणसाला वाटतं एसएसडीने काही झालंच नाही.

बायोसमध्ये साटा मोड (बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय आहे का बघून ठेवा. आयडीई असेल तर तसाच सरळ बदलू नका, निळी स्क्रीन येईल. एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट टिक करायचं, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय करायचं, सेफ मोडमध्ये एकदा उठू द्यायचं आणि मग टिक काढायची. आणि पीसी उघडलाच आहे तर बोर्डावरचा नाण्यासारखा सेल सीआर२०३२ बदला, एवढ्या वर्षांत तो उतरलेला असणार, तो मेला की तारीख मागे जाते, बायोसची सेटिंग पुसली जाते आणि वेबसाइट सर्टिफिकेटच्या चुका दाखवायला लागतात.

सिडको_नेटवर्किंग

माझं मत थोडं वेगळं आहे. एसएसडी टाका त्याला विरोध नाही पण एवढ्या वर्षांच्या बोर्डावर आणि एसएमपीएसवर (पीसीला वीज देणाऱ्या डब्यावर) धंदा अवलंबून ठेवणं मला पटत नाही. एसएमपीएस गेला तर बदलता येतो, बोर्ड गेला तर एच८१ चा नवा बोर्ड कुठे मिळणार, जुन्या बाजारात शोधत फिरावं लागेल आणि तोपर्यंत व्हीएमसी बंद. ताईंनी विंडोजचं सांगितलं ते पण आहेच.

मी असं करेन की हा पीसी एसएसडी आणि रॅम टाकून फक्त मशीनला प्रोग्रॅम पाठवायला ठेवीन, नेट काढून टाकीन, आणि टॅली, जीएसटी, बँक ह्याला विंडोज ११ वाला साधा लॅपटॉप किंवा पीसी सवडीने घेईन. मग घाई पण नाही आणि जुना पीसी पळतोय म्हणून पप्पांचा तोंडी विरोध पण नाही. आणि मशीनचा कंट्रोल फानुक कंपनीचा आहे का? ०आय मालिकेतल्या बऱ्याच कंट्रोलना स्क्रीनच्या शेजारी मेमरी कार्डचा स्लॉट असतो, झाकण असतं छोटं, लोक कधी उघडतच नाहीत. तो असेल तर सिरियल केबल बंद पडली तरी प्रोग्रॅम कार्डवरून देता येतो. यूएसबी टू सिरियल कन्व्हर्टर पण मिळतात पण स्वस्तातले प्रोग्रॅम पाठवताना मध्येच अक्षरं खातात, घ्यायचाच झाला तर एफटीडीआय चिपवाला घ्या.

गोदाकाठ

@सिडको_नेटवर्किंग पटलं, बोर्डाचा मुद्दा अगदी बरोबर आहे. एक गोष्ट जोडतो, साटा एसएसडी वाया जात नाही, बोर्ड उद्या गेला तरी ती काढून दुसऱ्या पीसीला लागते. म्हणून ह्या पीसीवर एसएसडीचा खर्च करायला मी कचरत नाही, रॅमचा मात्र ४ जीबीपुरताच करा, डीडीआर३ पुढच्या पीसीला चालणार नाही.

निफाड_द्राक्ष

मध्येच विचारतो माफ करा. आमच्या पॅकहाऊसला एक लॅपटॉप आहे, द्राक्षाच्या सीझनपुरता लागतो, जानेवारी ते एप्रिल, मग कपाटात जातो तो थेट डिसेंबरात निघतो. त्यालाही एसएसडी टाकायचा विचार आहे पण कोणीतरी म्हणालं एसएसडी बंद राहिली की डेटा उडतो, खरं आहे का? प्लॉटच्या नोंदी, फवारणीच्या डायऱ्या, एक्स्पोर्टचे कागद सगळं त्यात असतं आणि नंतर कधीही कोणी मागू शकतं.

गोदाकाठ

भाऊ अर्धं खरं आहे. एसएसडीत डेटा विजेच्या चार्जच्या रूपात साठलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं वीज न देता ठेवला तर हळूहळू झिरपतो. साध्या एसएसडीसाठी जेडेक ह्या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं जे मानक आहे त्यात असं धरलंय की लिखाणाची पूर्ण मर्यादा संपलेली एसएसडीसुद्धा ३० अंशांत बंद ठेवली तर एक वर्ष डेटा टिकला पाहिजे. तुमची नवी असेल तर ती त्याहून बरीच जास्त टिकते, सात-आठ महिन्यांनी काही होणार नाही. पण उष्णता वाढली की हा काळ कमी होतो, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ठेवू नका, घरात ठेवा, आणि पावसाळ्यात एखाद्या दिवशी काढून चार्जिंगला लावून दोन तास चालू ठेवा, बॅटरीलाही ते बरंच आहे. एक्स्पोर्टच्या कागदांची एक कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर हवीच, कारण एसएसडी मेली तर सांगून मरत नाही आणि मेल्यावर डेटा काढणं हार्ड डिस्कपेक्षा अवघड जातं.

एसएसडी घ्यायच्या आधी लॅपटॉपचं मॉडेल बघून आत २.५ इंची जागा आहे का एम.२ ते तपासा, आणि एम.२ असेल तर साटावाला का एनव्हीएमईवाला तेही, दोन्ही दिसायला सारखेच असतात आणि चुकीचा घेतला तर बसतो पण चालत नाही.

अंबड_जॉबवर्क

झालं काम! शनिवारी आमची सुट्टी असते तेव्हा निवांत बसून केलं. ५०० जीबीची एसएसडी, ४ जीबी रॅम, नवी केबल, सेल, सगळं एकाच दुकानातून बिलासकट घेतलं. आधी ब्लोअरने धूळ काढली, टॅली सरेंडर केलं, मग क्लोन लावलं. मध्ये एके ठिकाणी वाचता येत नाही म्हणून थांबलं तिथे इग्नोर दिलं, पुढे गेलं. बायोसमध्ये एएचसीआय आधीपासूनच होतं.

जुनी डिस्क काढून एसएसडीवर चालू केलं तेव्हा पप्पा शेजारीच उभे होते, डेस्कटॉप आला आणि आला तसा लगेच वापरता पण आला. टॅली परत ॲक्टिव्हेट झालं. सिरियलचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं उघडलं, कॉम वन, सगळी सेटिंग फोटोतल्यासारखी, मशीनला एक छोटा प्रोग्रॅम पाठवून बघितला, पूर्ण गेला. त्या क्षणी खरंच जीव भांड्यात पडला. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क आता दोन-तीन टक्के असते. ड्रॉइंगमधली एक जुनी पीडीएफ उघडत नाहीये, ती त्या खराब जागेवरचीच असणार, पार्टीकडून मेलवर परत मागवली.

कंट्रोल फानुकचाच आहे आणि स्क्रीनच्या डावीकडे झाकण उघडलं तर स्लॉट निघाला, एवढ्या वर्षांत कोणी बघितलाच नव्हता. कार्ड मागवलंय.

आता दोनच प्रश्न. एसएसडीला डिफ्रॅग वगैरे काही करावं लागतं का? आणि जुनी १ टीबीची डिस्क पप्पा म्हणतात बॅकअपला वापरू, एवढी जागा आहे तिच्यात, फॉरमॅट केली की ठीक होईल ना?

कॉलेजरोड_अकाउंट्स

वा, अभिनंदन! टॅलीमध्ये आता ऑटो बॅकअप पण चालू करून ठेवा, त्याचा पाथ मात्र दुसऱ्या ड्राइव्हवर द्या.

गोदाकाठ

मस्त झालं, वाचून खूप बरं वाटलं. डिफ्रॅग करायचं नाही, विंडोजला कळतं ही एसएसडी आहे आणि ते आपोआप ट्रिम करतं, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळवतं. एकदा खात्री करा, सर्चमध्ये डिफ्रॅगमेंट लिहून ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज उघडा, सीच्या समोर सॉलिड स्टेट ड्राइव्ह लिहिलेलं असलं आणि शेड्यूल चालू असलं की झालं. सी ड्राइव्ह पाऊण भरला की जुनं सामान बाहेर काढायचं एवढं लक्षात ठेवा.

जुनी डिस्क बॅकअपला नाही. फॉरमॅट केल्यावर सी५ शून्य होईलसुद्धा, कारण त्या जागेवर नव्याने लिहिलं की डिस्क ती जागा बदलून टाकते किंवा चांगली मानते, आणि मग पिवळा रंग जाऊन निळा येतो आणि माणूस फसतो. डिस्क तीच आहे, तेवढ्याच वर्षांची. सध्या ती आहे तशी, फॉरमॅट न करता, तारखेचं लेबल लावून घरी कपाटात ठेवा, दोन-तीन महिन्यांत एखादी फाइल राहिलीये असं लक्षात आलं तर तिच्यातून मिळेल. नंतर पूर्ण पुसून ई-कचऱ्यात द्या, आत पार्ट्यांचे ड्रॉइंग आहेत म्हणून भंगारवाल्याला तशीच देऊ नका.

बॅकअपला नवी यूएसबी हार्ड डिस्क घ्या, काम झालं की ती काढून घरी न्यायची, पीसीला कायम लावून ठेवायची नाही. तिच्यावर पहिली गोष्ट म्हणजे आत्ताच्या चालू एसएसडीची पूर्ण इमेज (सगळ्या ड्राइव्हची जशीच्या तशी कॉपी) काढून ठेवा, सिरियलच्या सॉफ्टवेअरची तीच तुमची सीडी. आणि यूपीएसची बॅटरी तपासा. अंबडला लाइट किती वेळा जाऊन येते ते तुम्हाला माहितीये, साध्या एसएसडीत अचानक वीज गेल्यावर लिहायचं राहिलेलं पूर्ण करायला वेगळे कपॅसिटर नसतात, त्यामुळे टॅलीत एंट्री चालू असताना झटका बसला तर डेटा बिघडू शकतो. बॅटरी पाच-दहा मिनिटं धरत असली तरी चालेल, तेवढ्यात टॅली बंद करून पीसी नीट शटडाऊन होतो.